कुरवंडे विरुद्ध कॅनडा

लोणावळ्यात एके काळी बर्फावरची हॉकी खेळली जायची, असं सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नये, कारण लोणावळ्यात बर्फ असायचा तो सोडावाल्याच्या पेटीत, भुशात गुंडाळलेला. पण साहेब लोकांची हौस दांडगी. धरणाच्या कामावरचे कॅनडावाले, मुंबईच्या कारखान्यातले स्वीडिश, यंत्रं बसवायला आलेले जर्मन आणि चेक, असे चार देशांचे गडी सत्तावन्न साली एकत्र आले आणि एका हॉटेलामागच्या सिमेंटच्या फरशीवर, पायांना चाकं बांधून, त्यांनी आपली लीग सुरू केली. सामने हिवाळ्यात, दर रविवारी. चेंडूऐवजी ट्रकच्या टायरातून कापलेली रबरी चकती, आणि जिंकणाऱ्याला चांदीचा कप.

ती फरशी राखायचं काम जवळच्याच कुरवंडे गावच्या कोंडूकडे होतं. रॉकेल शिंपडलेला भुसा पसरून झाडायचं, भेगा बुजवायच्या, आणि साहेब आपटले की त्यांना उचलून उभं करायचं. कोंडू आणि त्याच्या हाताखालचे पाच गडी भाड्याचे जुने, पट्ट्याचे स्केट पायाला बांधूनच झाडू मारायचे, कारण तसं काम लवकर उरकायचं. पाच वर्षं रोज असा झाडू मारल्यावर माणूस काय शिकणार नाही? त्यांच्यातला कान्हू तर उलटा पळत झाडायला लागला होता.

बासष्टच्या पावसाळ्यात चेक मंडळी काम संपवून मायदेशी गेली. तीन संघांत वेळापत्रक बसेना. तेव्हा कॅनडाचा कप्तान मॅक्रे, लाल दाढीचा आडमाप गडी, म्हणाला, झाडूवाल्यांना घ्या की. सगळे पोट धरून हसले, पण घेतलं. संघाचं नाव पडलं कुरवंडे. कोंडू गोल राखणार म्हणून त्याच्या बायकोनं, बायानं, गोणपाटात भाताचा पेंढा भरून त्याच्या पायांना गाद्या शिवल्या. काठ्या त्यांनी घरीच केल्या, जांभळाच्या ओल्या फांद्या चुलीच्या धगीवर वाकवून. मग जर्मन दोन गोलांनी हरले आणि स्वीडिश एका गोलानं. हसणाऱ्यांचे दात घशात गेले. फायनल ठरली कुरवंडे विरुद्ध कॅनडा, फेब्रुवारीतल्या शेवटच्या रविवारी, चार वाजता.

शुक्रवारी दुपारी लीगचा कारकून महिपती फरशीवर आला. हा उर्से गावचा, चांगल्या शेतकरी घरातला, इंग्रजी शिकलेला आणि स्वभावानं भित्रा. त्याच्या हातात एक छापील पुस्तिका होती.

“कोंडू, फायनल होत नाही,” तो म्हणाला. “लीगच बंद झाली. धरणाचं काम संपलं, साहेब लोक सोमवारी निघणार. सेक्रेटरींनी लीगचा इतिहास छापून घेतलाय. चाळीस प्रती. ज्यानं त्यानं आपापल्या देशी न्यायची.”

“आमचं काय लिवलंय त्यात?”

महिपतीनं पानं उलटली. पहिल्या सामन्यापासून सगळं होतं. कुणी किती गोल केले, कुणाचा हात मोडला, कुठल्या साली चहात माशी निघाली, तेसुद्धा होतं. शेवटच्या पानावर त्यानं एक ओळ बोटानं दाखवली आणि खाली मान घालून मराठीत सांगितली. “लायक प्रतिस्पर्धी नसल्यामुळे यंदाचा अंतिम सामना झाला नाही.”

“आन कुरवंडे?”

“नाव नाही कुठं. चार देशांचीच नावं आहेत.”

कोंडूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मंग जर्मनास्नी गोल कुनी मारलं? भुतानं?”

सेक्रेटरी ऑर्डवे आधीपासून या संघावर डूख धरून होता. झाडूवाल्यांनी कप उचलला तर क्लबात तोंड कसं दाखवायचं, हा त्याचा घोर. लीग संपणारच होती, तर ती दोन दिवस आधी संपवली की काम झालं, इतका साधा त्याचा हिशेब होता. महिपती पुस्तिका काखेत मारून निघून गेला.

घरी कोंडू जेवला नाही. कप मिळावा असं त्याला फारसं वाटतच नव्हतं. चांदीचा कप कुरवंड्यात ठेवणार कुठं, तांदळाच्या कणगीत? पण सामना व्हायला हवा होता. महिनाभर तो आणि त्याचे गडी त्या एका सामन्यासाठी जगले होते, आणि एका माणसानं पेन्सिलीनं रेघ ओढावी तसं त्यांना पुसून टाकलं होतं. बायानं त्याच्यापुढची भाकरी उचलून ठेवली आणि फटकारलंच.

“रडताय काय? जत्रंत काय करत्यात? जोडीचा पैलवान आखाड्यात उतरला न्हाई तर?”

कोंडूनं मान वर केली. गावच्या जत्रेतली रीत लहान पोरालाही ठाऊक होती. जोड लागलेला गडी उतरला नाही की दुसऱ्यानं शड्डू ठोकत आखाड्याला तीन फेऱ्या मारायच्या. समोरचा गावाबाहेर असेल तर कुस्ती पुढच्या वर्षावर जाते. पण गावात हजर असून तिन्ही फेऱ्या बसून पाहत राहिला, तर तो हरला, आणि लोक ते त्याला जन्मभर ऐकवतात.

“साहेब हाईत का गावात?” बायानं विचारलं.

“हाईत. रइवारी निरोपाचा चा हाय त्यांचा, हाटेलात.”

“मंग झालं तर.”

रविवारी चार वाजता हॉटेलाच्या व्हरांड्यात निरोपाचा चहा चालला होता. कप मधल्या टेबलावर ठेवलेला. एवढ्यात अख्खं कुरवंडे फाटकातून आत शिरलं आणि फरशीभोवती बसलं. मग सहा गडी चाकांवर उतरले. पुढे कोंडू, पायांना पेंढ्याच्या गाद्या, मागे कान्हू, शिदू आणि बाकीचे. काठी डाव्या हातात, उजव्या हातानं मांडीवर थाप. पहिली फेरी. साहेबांना वाटलं, नोकरमाणसं निरोपाचा नाच करताहेत. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या फेरीला टाळ्या थांबल्या. ऑर्डवे लालबुंद होऊन पायऱ्या उतरला आणि महिपतीवर खेकसला. महिपती फरशीच्या कडेनं धावत सुटला.

“कोंडू, थांब! साहेब म्हणतात, आत्ता थांबला नाहीत तर उद्यापासून कामावर येऊ नका!”

“उद्याचं उद्या बगू, भाऊ,” कोंडू न थांबता ओरडला. “आज रइवार हाय. आज आमी कुनाचं नोकर न्हाई!”

तिसरी फेरी त्यांनी सावकाश मारली. व्हरांड्यासमोर आल्यावर कोंडू थांबला, त्यानं मॅक्रेकडे बघितलं आणि मांडीवर अशी थाप मारली की टेबलावरच्या बशा वाजल्या असं कुरवंड्यातले लोक अजून सांगतात. मॅक्रेनं चहाचा कप खाली ठेवला आणि महिपतीला विचारलं, हे काय आहे?

महिपतीनं आधी ऑर्डवेकडे पाहिलं. साहेबानं डोळे वटारले होते. मग त्यानं फरशीभोवती बसलेल्या माणसांकडे पाहिलं. आयुष्यात कधी नव्हे ते त्या माणसानं सगळं खरं सांगून टाकलं. तीन फेऱ्या, गावात हजर असणं, हरणं, आणि पुस्तिकेतली ती ओळसुद्धा.

मॅक्रे ऑर्डवेकडे वळला. “आम्हाला तर सांगितलं होतं, कुरवंड्यानं माघार घेतली,” तो म्हणाला. मग त्यानं कोट काढून खुर्चीवर टाकला.

कॅनडावाल्यांचे चांगले स्केट सकाळीच पेट्यांत ठोकून ट्रकनं मुंबईला गेले होते. मग त्यांनीही भाड्याचे पट्ट्याचे स्केट बांधले. मॅक्रेच्या पायाला एकही जोड पुरेना, तेव्हा बायानं पुढं होऊन त्याची टाच सुतळीनं करकचून आवळली. काठ्याही पेट्यांतच गेल्या होत्या, त्या कुरवंड्यानं आपल्या जादाच्या दिल्या. आता दोन्हीकडे तीच चाकं आणि तेच जांभळाचं लाकूड. सामना असा झाला की ऑर्डवेसुद्धा खुर्चीच्या टोकाला येऊन बसला. कान्हूनं उलटा पळत दोन गोल केले, शिदूनं एक, आणि एक कुणी केला यावर अजून भांडण आहे. चार-चार झाले. शेवटच्या मिनिटाला मॅक्रेनं मारलेली चकती कोंडूच्या डाव्या गादीवर बसली, गोणपाट उसवलं, पेंढा भसकन बाहेर आला आणि त्या पेंढ्यातून चकती आत गेली. कॅनडा पाच, कुरवंडे चार.

कोंडू गुडघ्यांवर बसून राहिला. वाईट वाटलं, फार वाटलं. मॅक्रेनं त्याला हात देऊन उठवलं आणि मिठी मारली.

ऑर्डवेचा जीव भांड्यात पडला. कप जायचा तिथंच गेला होता. त्यानं हसत महिपतीला खूण केली, पुस्तिका वाटून टाक. महिपती गठ्ठा घ्यायला वळला, तर गठ्ठ्यावर कोंडू बसलेला. गुडघ्यातून रक्त येत होतं.

“आदी लिवा,” तो म्हणाला. “मंग वाटा.”

ऑर्डवे ओरडला. कोंडू हलला नाही. मॅक्रेनं खिशातलं पेन काढून महिपतीपुढे धरलं, आणि ऑर्डवे परत खुर्चीत जाऊन बसला. कोंडू बुडाखालून एकेक प्रत काढून देई. महिपती ती छापील ओळ खोडून त्याखाली संघांची नावं आणि गोल लिही. कोंडूला वाचता येत नव्हतं, म्हणून लिहिलेलं दर वेळी मोठ्यानं म्हणून दाखवावं लागे. साहेब लोक रांगेत उभे राहून आपापली प्रत घेऊन गेले.

शेवटी एक प्रत उरली. महिपतीनं ती जवळ ओढली आणि आवाज खाली आणला.

“ही तू ठेव, कोंडू. हिच्यात कुरवंडे पाच लिहितो, कॅनडा चार. ते गेले निघून. कोण बघायला येतंय?”

कोंडूनं त्याचा पेनाचा हात मनगटाशी धरला.

“न्हाई, भाऊ. माज्या परतीत तर मुळीच न्हाई. हरलो त्येच लिवा,” तो म्हणाला. “खेळलो म्हून हरलो.”