पाच चेहऱ्यांची अट

क्षितिजा अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजातून सुट्टीला आईबाबांकडे रियाधला आली आणि आखाती युद्धात अडकली. विद्यापीठात प्रवेश मिळायला एकच सक्तीचा विषय उरला होता, भाषणकला. अट अशी, की व्हिडिओत पाच प्रौढ श्रोत्यांचे चेहरे दिसले पाहिजेत. व्हिडिओची कॅसेट अमेरिकेला नेणारे ओळखीचे डॉक्टर तासाभरात निघणार होते.

ती बोलायला लागली आणि हल्ल्याचा भोंगा वाजला. श्रोते म्हणून बसलेल्या आई, बाबा आणि तिन्ही शेजाऱ्यांनी शिस्तीत गॅस मास्क चढवले.

"चेहरे दिसायला हवेत!" क्षितिजा ओरडली.

"आधी मास्क लाव, कार्टे!" बाबा मास्कच्या आतून घुमले.

तिने लावला नाही. खिडक्या थरथरल्या, तरी ती कॅमेऱ्यासमोर बोलतच राहिली. शेवटी शेजारच्या श्यामलाबाईंनी स्वतःच्या मास्कचा पट्टा सोडला.

"यल्ला, चला, काढा हो सगळ्यांनी. पोरीचं वर्ष जाईल."