बेटावरचा लाकडी सुरय

मी एक सुरय पक्षी बोलतोय. खरा नव्हे, लाकडी. खरे सुरय असे निवांत गप्पा मारत नाहीत. काळी टोपी, करडा कोट, पिवळी चोच अशा थाटात ते तळ्यावर येतात, सूर मारतात, मासा उचलतात आणि तुम्ही 'अरे, तो बघ' म्हणेपर्यंत दिसेनासे होतात. मला कुठे जायची घाई नाही. पोटात खिळा ठोकलेल्याला कसली आलीय घाई!

दाराच्या चौकटीच्या उरलेल्या तुकड्यातून एका सुताराने मला कोरलं आणि आपल्या मित्राला, रंगाच्या दुकानदाराला, देऊन टाकलं. त्याने मला गल्ल्याशेजारी ठेवलं. शोभेला म्हणाल, तर त्या दुकानात कुणी फुकट बसत नसे. गिऱ्हाइकाने रंग विचारला की ब्रशचा एक फराटा माझ्या पाठीवर! "बघा, वाळल्यावर असा दिसेल." मी हिरवा झालो, गुलाबी झालो, एका दंतवैद्याच्या दवाखान्यापायी आकाशी झालो. एका जोडप्याचं बैठकीच्या भिंतीवरून जमेना, तेव्हा डावीकडून नवऱ्याचा आणि उजवीकडून बायकोचा असा मी बरेच दिवस दुरंगी हिंडलो. म्हणजे बसलो.

दुकानदाराचा मांडणीवर फार भरवसा. मोठे डबे मागे, लहान पुढे आणि सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. कुणी डबा उलटा ठेवला की हा गिऱ्हाईक सोडून आधी तो सरळ करायचा.

एक दिवस त्याची भाची चिखलाच्या बुटांनिशी दुकानात शिरली. तळ्याचं राखीव क्षेत्र सांभाळायची तिची नोकरी.

"मामा, पांढरा, करडा आणि काळा दे. चकाकणारा नको."

"काय रंगवतेस? झेब्रा?"

"पक्षी. लाकडाचे."

मामाने स्टूल पुढे सरकवलं. भाचीने सांगितलं ते असं. तळ्यातल्या वाळूच्या बेटावर पूर्वी सुरय घरटी करायचे. मग सहलीच्या बोटी बेटाला लागू लागल्या, माणसांबरोबर कुत्री उतरली आणि उघड्या वाळूतली अंडी पायाखाली गेली. पक्षी निघून गेले. आता बोटी बंद होत्या, कुंपण होतं, तरी सुरय वरूनच चक्कर मारून जायचे.

"ते घोळक्याने राहतात, मामा. बेट रिकामं दिसलं की इथे काहीतरी गडबड आहे असं त्यांना वाटतं. रिकाम्या हॉटेलात आपण तरी शिरतो का?"

"म्हणजे आपलीच माणसं गिऱ्हाईक म्हणून उभी करायची! हे आधी नाही का सांगायचंस?"

"चेष्टा नको रे. या हंगामात एकही घरटं झालं नाही, तर साहेब बेट परत बोटींना देणार आहेत."

मामा गंभीर झाला. सुताराकडून माझे भाऊबंद कोरून घेतले. मला पॉलिश पेपरने घासलं तेव्हा थरावर थर निघाले. माझ्या अंगावर अर्धं गाव निघालं. मग अंगणात रंगकाम सुरू झालं.

"अहो, या वयात बाहुल्या रंगवताय?" मामी दारातून म्हणाली. पण चोचींचा पिवळा तिनेच लावला.

भाची पलीकडच्या काठाला कुंपणाची जाळी दुरुस्त करत होती, म्हणून मांडणी मामाने अंगावर घेतली. नावाड्याबरोबर तो बेटावर आला आणि आम्हाला खुंट्यांवर ठोकलं. मोठे मागे, लहान पुढे, सगळ्यांची तोंडं काठावरच्या बोटींच्या धक्क्याकडे. प्रत्येकाला दोन खिळे. मी कडेचा शेवटचा, मला एकच उरला.

धक्क्यावरून आम्ही असे देखणे दिसत होतो की भाचीसुद्धा हरखली.

पक्षी आले. खाली उतरता उतरता वळले आणि गेले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. वारा पलीकडून, थेट आमच्या शेपटीत भरत होता. मला कळत होतं, पण सांगतो कुणाला? भाचीचा जेवणाचा डबा उघडायचा आणि तसाच मिटायचा.

"मामा, तुमची माणसं फारच गप्प," नावाडी म्हणाला. "जरा हाका तरी मारायला सांगा."

"तू वल्ही मार," मामा खेकसला.

त्या दुपारी वारा जोरात आला. माझी शेपटी हलली, एकुलता खिळा करकरला आणि मी गर्रकन फिरून वाऱ्याकडे तोंड करून बसलो. काय सांगू, पहिल्यांदा बरं वाटलं! तेवढ्यात वरून एक सुरय उतरला आणि माझ्याशेजारी टेकला. तोही वाऱ्याकडेच तोंड करून.

धक्क्यावर मामाला फक्त मी दिसलो. "अरे, तो कडेचा फिरला! सगळी ओळ बिघडवली." हातोडी घेऊन तो नावेकडे निघाला.

भाचीने त्याची बाही धरली. "मामा, हात लावू नकोस! त्याच्याशेजारी बघ. वाऱ्याकडे पाठ केली की पिसं विस्कटतात. कुठला पक्षी असा बसेल?"

मामाने दुर्बीण घेतली. हातोडी खाली ठेवली. मग म्हणाला, "गिऱ्हाईक आभाळात, आणि मी माल मांडला धक्क्याला दाखवायला!"

तो पक्षी उडेपर्यंत दोघं थांबली. मग सगळी ओळ मोडली. कुणी इथे, कुणी तिथे, तोंडं वाऱ्याकडे. आठवडा सरायच्या आत वाळूत सुरयांच्या घरट्यांचे खळगे दिसू लागले.

साहेब आले. "अंडी कुठे आहेत? मला तर दिसत नाहीत."

"साहेब, वाळूच्याच रंगाची आहेत; दिसत नाहीत म्हणूनच वाचतात," भाची म्हणाली.

साहेबांनी दुर्बीण फिरवली. "तो कडेचा मात्र पक्का बसलाय घरट्यावर. हललेला नाही."

"तो आमचाच माणूस," मामा म्हणाला. "त्याच्या शेजारचे बघा."

शेजारचे हलले, ओरडले, मासे घेऊन आले. साहेब हसले आणि बेट बोटींना द्यायचा विषय तिथेच मिटला.

आता माझा रंग उडालाय, चोचीचं टोक तुटलंय, पाठीवर शेजाऱ्यांनी नवा पांढरा हात दिलाय, तोही फुकट. मामा म्हणतो, हंगाम संपला की मला दुकानात नेणार. नेऊ दे. खरी गर्दी जमली की भाडोत्री गर्दीने उठलेलं बरं.

तुम्ही आलात तर धक्क्यावरच थांबा. दुर्बीण आणा, कुत्र्याला घरी ठेवा. वाळू कितीही मोकळी दिसली तरी उतरू नका. आणि आता जरा हळू बोला. ऊन चढलंय, माझ्या सावलीत एक पिल्लू आत्ताच झोपलंय.