लाल झालेला चीक

बंकट महाराजांच्या मठापुढे त्या शनिवारी पाय ठेवायला जागा नव्हती. सिरसाळ्यात नुकत्याच केबलच्या छत्र्या बसल्या होत्या, पण टीव्हीवरच्या देवांपेक्षा गर्दी इथंच जास्त. बहुतेक ओल्या बाळंतिणी. तापलेल्या पत्र्याखाली तान्ही मुलं किरकिरत होती.

मी दवाखान्यातली नर्स. आमच्याकडे परवाच बाळंत झालेल्या वनमालाला तिच्या सासूनं, रतनबाईंनी, इथं आणल्याचं कळलं तशी धावत आले. बाळ दोन दिवसांचं, महिनाभर आधी जन्मलेलं, मांजराच्या पिलाएवढं. वनमालाचा पहिला मुलगा गेल्या वर्षी याच मठाच्या नादानं गेला. महाराजांनी बाळंतपणातलं पहिलं दूध, म्हणजे चीक, लाल करून दाखवलं, हिच्या अंगात नागीण आहे म्हणून ते ओतून टाकायला लावलं आणि वर तीर्थ आणि शेळीचं दूध पाजायला सांगितलं. पाचव्या दिवशी पोट टम्म फुगलं, हिरवी उलटी झाली, सहाव्या दिवशी मूल गेलं. महाराज म्हणाले, "चोरून एखादा थेंब पाजला आसंल." आणि लोकांनी माना डोलावल्या! मला अजून चीड येते.

"पीळ पोरी, भिऊ नको," महाराज अंगठ्यानं तंबाखू मळत म्हणाले. "माय खोटं बोलंल, दूध न्हाई बोलणार. आत नागीण आसंल तर रगत दावील. सायन्स बी हेच म्हनतंय!"

कुठलं सायन्स, ते त्यांनाच ठाऊक.

वनमालानं वाटीत चार थेंब पिळले. महाराजांनी भंडाऱ्याची, म्हणजे हळदीची, चिमूट टाकून अंगठ्यानं ढवळलं. पिवळा चीक बघता बघता लाल झाला. "आगं माय!" रतनबाईंनी बाळ सुनेच्या मांडीवरून ओढून घेतलं. बाळ रडलंसुद्धा नाही, नुसतं तोंड हलवत शोधत राहिलं. मला गेल्या वर्षीच्या बाळाचं फुगलेलं पोट आठवलं.

"रतनबाई, गाय व्याली की तुम्ही चिकाचा खरवस घरोघर वाटता. वासराला आधी तोच पाजता. मग सुनेचाच चीक का वाईट?"

"डोळ्यानं लाल दिसला न्हाई का, सिस्टर?"

याचं उत्तर शिवम्मानं दिलं. बाजारात हळदकुंकू विकणारी ही म्हातारी नातसुनेला घेऊन आली होती. तिनं पुढं होऊन महाराजांचा अंगठाच धरला.

"हळदीला चुना लावून मी चाळीस वर्सं कुंकू करते. ह्यो रंग मला दावतो व्हय रे?"

तिनं आपल्या पिशवीतली हळद पाण्यात कालवली आणि चुन्यानं पांढरा झालेला तो अंगठा आत दाबला. पाणी लाल झालं. मग दुसऱ्या वाटीत वनमालाचा चीक, तोच भंडारा, आणि स्वतःचं धुतलेलं बोट. पिवळा तो पिवळाच राहिला.

"पान्यात बी नागीण हाय का?"

महाराज "घोर कलियुग" म्हणत उठले आणि मागच्या दारानं गेले.

मग मी समजावलं. चिकात जंतू मारणारे प्रथिनांचे बारीक तुकडे असतात, त्यांना पेप्टाइड म्हणतात. ते बाळाच्या कोवळ्या आतड्याची राखण करतात, आतलं अस्तर दुखावलं तर भरून यायला मदत करतात. अपुऱ्या दिवसांच्या मुलाला तर ते फारच हवेत. चीक फेकून वरचं काहीबाही पाजलं की जंतूंना रान मोकळं. आतडं सुजतं, सडतं. त्याला नागीण लागत नाही.

रतनबाईंनी बाळ परत दिलं. ते दोनदा चुकलं, मग पिऊ लागलं.

"सिस्टर, मागल्या खेपंला बी चीक पिवळाच आसंल न्हवं? त्यो जगला आसता का?" रतनबाईंनी विचारलं.

"नक्की सांगता येत नाही. पण जगण्याची आशा होती."

रतनबाईंनी वनमालाच्या डोक्यावरचा पदर सारखा केला.

लोकहो, चमत्कार दिसला की नमस्कार करण्याआधी एकदा विचारा, हे झालं कसं? दुसऱ्यानं केलं तर होईल का? त्या घरात कुणी विचारलं नाही. एक मूल गेलं, आणि त्याची आई वर्षभर स्वतःलाच नागीण समजत जगली.