पिवळ्या दिव्यावरची काळी पट्टी

डॅशबोर्डवर पिवळं दातेरी चाक पेटलं होतं आणि त्याच्या पोटात उद्गारचिन्ह. तिने नुकताच ओल्या फडक्याने डॅशबोर्ड पुसला होता. पुसल्याने दिवा लागतो? तिने इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं. दिवा ढिम्म.

सकाळचे आठ. साडेअकराला घाटापलीकडच्या इस्पितळात बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन. तीन महिन्यांनी मिळालेली तारीख चुकली की पुन्हा रांगेच्या शेपटाला, आणि बाबांचा दुसरा डोळा केव्हाच गेलेला.

तिने मेकॅनिकला फोन लावला.

"गिअरबॉक्सचा दिवा आहे ताई. जागची हलवू नका."

मग दिराला. "सेन्सरचे चाळे ते, वहिनी. बॅटरीची वायर काढून परत लावा. विसरेल."

"कोण?"

"गाडी!"

शेजारच्या निवृत्त ड्रायव्हिंग मास्तरांनी न विचारता खिडकीत डोकं घातलं. "खुशाल न्या. फक्त तिसऱ्या गिअरच्या वर जाऊ नका." बिनक्लचच्या गाडीत तिसरा गिअर कुठून टाकायचा, ते मास्तरांनाच ठाऊक. एक ना धड, भाराभर चिंध्या! सल्ला द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं? घाटात बाप तिचा बसणार होता.

तिने वैतागून फडकं पिळलं, तर बोटाला काहीतरी चिकटलं. काळ्या टेपचा नखाएवढा तुकडा.

नवरा दात घासत दारात आला. तिने तो तुकडा त्याच्या नाकासमोर धरला.

"काढलीस होय?" तो फेस सांभाळत म्हणाला. "गेल्या उन्हाळ्यापासून लागतोय तो दिवा. डोळ्यांत यायचा."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू चालवली असतीस का? वर्षभर चालली ना? मग आजही चालेल."

"वर्षभर झिजली. आजच मोडायची."

त्याचंही खरं वाटत होतं आणि तिचंही. कालपर्यंत हीच बाई हीच गाडी गाणी म्हणत घाटातून नेत होती. आज नखाएवढ्या तुकड्यापायी ती किल्लीला हात लावायला तयार नव्हती. शहाणी ती कालची, की आजची?

बाबा पिशवी मांडीवर घेऊन कधीचे मागच्या सीटवर बसले होते. "निघायचं ना गं?"

"उतरा बाबा. बसने जाऊ."

"बसवर विश्वास, नवऱ्यावर नाही!" नवरा ओरडला.

"दिवा तुम्ही झाकलात. बसने नाही."

बसमध्ये ड्रायव्हरच्या मागचीच सीट मिळाली. घाटाच्या पायथ्याशी बस थांबली तेव्हा तिची नजर पुढे गेली. स्टिअरिंगमागे तीन काळ्या पट्ट्या.

"भाऊ, त्या पट्ट्यांखाली काय आहे?"

"दिवे असतील."

"असतील म्हणजे?"

"आधीच्या ड्रायव्हरने चिकटवल्यात, ताई. मी कधी खरवडून नाही बघितलं."

"मग आता बघा."

मागून कुणीतरी ओरडलं, "ओ बाई, नवऱ्याला फैलावर घ्या, बसला कशाला?" ड्रायव्हरने चरफडत तिन्ही पट्ट्या सोलल्या. खाली सगळा अंधार.

"बघा! एकही लागला नाही. उगाच जीव खाता."

तिला हायसं वाटलं. तेवढ्यात बाबांनी मान पुढे काढली. "दिवे बंद आहेत, का बल्ब उडालेत?"

ड्रायव्हरने बाबांकडे पाहिलं, मग त्या तीन भोकांकडे. "ते मला काय माहीत, आजोबा?"

ती उठली. घड्याळ बघितलं, सव्वादहा. पुढची बस बाराला. ती बसली.

घाटभर तिने ना रस्ता पाहिला, ना दरी. दर वळणाला बाबा विचारायचे, "लागला का गं?"

"नाही."

हे चांगलं की वाईट, ते मात्र तिला सांगता येईना.

अकराला पाच कमी असताना बस इस्पितळाच्या फाटकाशी थांबली. बाबांना हात देऊन उतरवताना तिने वळून पाहिलं. ड्रायव्हर तिन्ही पट्ट्या थुंकी लावून परत चिकटवत होता. तिने नजर फाटकाकडे वळवली. संध्याकाळी याच बसने परतायचं होतं.