अच्छेर मापाचा राग

मी एक जुनं पितळी माप आहे. अच्छेराचं, म्हणजे अर्ध्या शेराचं. मित्रांनो, तांब्यापितळेलाही राग येतो. माझा तर अजून उतरलेला नाही.

भायखळ्याच्या तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं आणि परळच्या एका चाळीत कमलाबाईंनी मला संसारात घेतलं. दूध, तांदूळ, पीठ, सगळं माझ्यातूनच जायचं. "आमचं माप म्हणजे देवाच्या घरचं!" असं त्या शेजारणींना सांगायच्या. मी फुशारून जायचं. तीच चूक झाली.

धम्म घेतल्यानंतरची चाळीतली ती पहिली बुद्धपौर्णिमा. खिरीचा मान कमलाबाईंच्या घराला मिळाला होता. नेमका संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ पडला आणि तबेल्यातलं दूध आलंच नाही. मग कमलाबाईंच्या लेकानं, रामदासनं, रे रोडहून दुधाच्या पावडरीचा डबा आणला. डब्यावरचं वाचूनही दाखवलं, "एक भाग पावडर, सात भाग पाणी. वजनानं."

"वजन काय नि माप काय, शेर तो शेरच," असं म्हणून कमलाबाईंनी मला पावडरीनं भरलं, पातेल्यात उपडं केलं आणि सुनेला हाक मारली, "कौसल्ये, आता याच मापानं सात पाणी घाल." आणि त्या बाहेर रांगोळीकडे गेल्या.

अहो, ती पावडर कापसासारखी हलकी! पाण्याच्या निम्मंसुद्धा वजन नव्हतं तिला. माझ्या पोटाला ते कळत होतं. पण मला तोंड कुठलं?

दूध झालं तांदळाच्या धुवणासारखं. कमलाबाईंनी पळी वर धरली आणि आवाज चढवला, "काय गं, पातेल्यातली पावडर काढून पोरासाठी दडवलीस ना?"

"नाही हो, आत्याबाई!"

"मग काय मांजरीनं खाल्ली?"

दारात बाया जमल्या. शेजारची शेवंती म्हणाली, "तान्हं पोर आहे, होतो मोह." कौसल्येच्या कडेवरचं बाळ भेदरून रडू लागलं. मला वाटलं, घरंगळत जावं आणि एकेकीच्या पायाच्या अंगठ्यावर पडावं!

कौसल्येनं बाळाला थोपटलं, डोळे पुसले नाहीत. खालच्या वाण्याकडून तराजू आणला. पावडरीनं काठोकाठ भरलेलं मला एका पारड्यात ठेवलं आणि दुसऱ्यात वजनं टाकून तोल साधला. मग मला रिकामं करून पाण्यानं भरलं आणि पुन्हा ठेवलं.

पारडं धाडकन जमिनीला टेकलं.

"माप तेच आहे, आत्याबाई. आता बोला."

कमलाबाईंनी आणखी पावडर तोलून दुधात घातली, घट्ट खीर शिजवली आणि पहिली वाटी सुनेपुढे धरली.

कौसल्येनं हात मागे घेतला. "आधी या सगळ्यांना सांगा."

कमलाबाई दाराकडे वळून मोठ्यानं म्हणाल्या, "माझ्या सुनेनं काही घेतलं नव्हतं. चुकले मी."

तेव्हा कुठे तिनं वाटी घेतली आणि पहिला घास बाळाला भरवला.

मित्रांनो, मला घासूनपुसून लख्ख ठेवाल, ठेवा. पण मी फक्त जागा मोजतं. वजन हवं असेल तर तराजू आणा. आणि दूध पातळ झालं, तर आधी आपला हात तपासा. घरातल्या लेकीसुनेवर आळ घेण्याआधी!