जावईबापूंना वास चालत नाही

माझ्या रागाबद्दल आमच्या संस्थेत जे काही बोललं जातं, ते सगळं खरं आहे. मास स्पेक्ट्रोमीटरच्या खोलीच्या दारावर मी पाटी लावली आहे : साबण, क्रीम, अत्तर लावून आत येऊ नये. त्याखाली कोणीतरी पेन्सिलने लिहून ठेवलंय, 'माणसांनीही येऊ नये.' मी ते पुसलं नाही. अक्षर चांगलं आहे.

बावीस वर्षं हे मशीन मी एकटी सांभाळते. काम सांगायला सोपं. प्रोटीनचे तुकडे करून आत सोडायचे, मशीन एकेका तुकड्याचं वजन करतं, वजनं पडद्यावर शिखरांसारखी उभी राहतात आणि त्यावरून प्रोटीन ओळखायचं. पण काही प्रोटीनं भारी हट्टी. पेशीच्या बाहेरच्या चरबीच्या पापुद्र्यात रुतून बसतात, पाण्याला दाद देत नाहीत. तेलकट कढईला जे लागतं तेच त्यांना लागतं, डिटर्जंट. आता पंचाईत बघा. डिटर्जंटशिवाय प्रोटीन बाहेर येत नाही, आणि डिटर्जंट मागे राहिलं तर मशीनला दुसरं काही दिसत नाही. सभेत एकाने माइक बळकावला की बाकीच्यांचं जे होतं तेच प्रोटीनचं होतं. म्हणून आधी डिटर्जंट घालायचं आणि मग धुवून धुवून ते काढून टाकायचं. सगळी कला त्या धुण्यात आहे.

क्रीममध्येही डिटर्जंटच्याच भावकीतले पदार्थ असतात. म्हणून बावीस वर्षं मी हाताला काही लावलं नाही. थंडीत बोटं चिरतात, चिरू देत. घरात क्रीम आणायलाही बंदी होती. आई मात्र तिच्या खोलीत दार लोटून गुलाबी ट्यूबमधलं क्रीम चोळायची आणि सापडली की लहान मुलीसारखं हात मागे लपवायची.

"जावईबापूंना माझा वास चालत नाही होय गं?" ती म्हणायची. मी लग्न केलं नाही, म्हणून मशीन हा तिचा जावई. त्याची तब्येत बिघडली की विचारपूस करायची, मी उशिरा आले की त्याला नावं ठेवायची. "एकदा दाखव तरी मला. जावयाचं तोंड न बघताच मरायचं का मी?"

"आधी ते क्रीम सोड, मग नेते," मी म्हणायचे.

तिने क्रीम सोडलं नाही आणि मी तिला नेलं नाही. दोघींचा पीळ एकाच सुंभाचा. अकरा आठवड्यांपूर्वी ती गेली, साध्या तापाचं निमित्त झालं. तेव्हापासून मला घरी 'मिरचे' म्हणून हाक मारणारं कोणी उरलं नाही. संध्याकाळी कुलूप उघडते, दिवा लावते, आणि कोणावर ओरडावं तेच कळत नाही.

या सोमवारी सकाळी तिच्या कपाटात मला ती ट्यूब मिळाली. पिळून पिळून शेपटीपर्यंत गुंडाळलेली. झाकण उघडलं आणि वास आला. मग मला राहवलं नाही. तिथेच पलंगावर बसून दोन्ही हातांना, मनगटापर्यंत चोळलं, अगदी ती चोळायची तसं. रडले. मग पाण्याने हात धुतले आणि कामावर गेले. क्रीम काय नुसत्या पाण्याने जातं? दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याची सालटी काढली असती.

त्या दिवशी घाईबाईचा नमुना होता. घाईबाई म्हणजे आमच्याकडे मूत्रपिंडाच्या आजारावर संशोधन करणारी मुलगी. मुलगी कसली, पस्तिशीची आहे, पण कायम धावत असते म्हणून मीच ते नाव ठेवलं. एका पेशंटच्या ऊतीचा इवलासा तुकडा, त्यातून काढलेली पापुद्र्यातली प्रोटीनं, सगळं मिळून एक नळी. पेशंट आता हयात नाही, त्यामुळे दुसरी नळी मिळणार नव्हती. तिला हवं ते प्रोटीन दिसलं तर काम पुढे चालणार, नाहीतर महिनाअखेर प्रकल्प बंद आणि तिची जागाही गेली.

"ताई, सगळं घाला हं. थेंबही ठेवू नका," ती म्हणाली.

"तू मला शिकवू नकोस," मी म्हणाले आणि निम्मं गुपचूप फ्रीझरमध्ये ठेवलं. माझी ती जुनी खोड, सदा हातचं राखून वागायची.

दुपारी पडद्यावर जे आलं ते पाहून घाईबाई मटकन खाली बसली. प्रोटीनचा पत्ता नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या अंतरावर शिखरंच शिखरं, दोन शिखरांमध्ये चव्वेचाळीसचा फरक, कुंपणाच्या खुंट्या ठोकाव्यात तशी. साबणाच्या जातीची ही ओळख या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे.

मोठे सर आले, पडद्याकडे बघून म्हणाले, "नळ्या साबणाने धुतल्यास ना?"

"नाही सर. शप्पथ नाही."

"मग हे काय आकाशातून पडलं?"

आणि मी काय केलं? मीही तोंड सोडलं. "सांगून सांगून जीभ झिजली माझी! पालथ्या घड्यावर पाणी!" घाईबाईने चष्मा काढून ओढणीने पुसला, परत घातला, परत काढला. सर म्हणाले, उद्यापासून मशीन दुसऱ्या गटाला द्यायचं आहे, आता पुरे. आणि ते निघून गेले.

मग मी सकाळची फाइल उघडली. आमच्यात रीत अशी की नमुन्याआधी ब्लँक चालवायचा, म्हणजे नुसतं स्वच्छ द्रावक, त्यात कोणाचंही काही नाही. तो कोरा आला तरच पुढचं पाऊल टाकायचं. हा नियम मी शंभर जणांना शिकवलाय. त्या सकाळी ब्लँक लावला होता, पण बघितलाच नव्हता. डोळ्यांपुढे ते कपाट होतं.

ब्लँकमध्ये घाईबाईच्या नमुन्याचा थेंबही नव्हता. तरी तिथे तेच कुंपण उभं होतं. द्रावकाची बाटली सकाळी मीच भरली होती, ग्लोव्हज मीच घातले होते, याच हातांनी. मी बोटं नाकाशी नेली. अजून वास येत होता.

लोका सांगे ब्रह्मज्ञान! मला इतकी लाज वाटली की खुर्चीतून उठवेना. एक वाईट विचारही आला, खोटं कशाला बोलू. उरलेलं निम्मं नंतर कधीतरी चुपचाप चालवावं, कोणाला काय कळणार आहे? पण मशीन उद्या जाणार होतं. आणि घाईबाई कोपऱ्यात बसून स्वतःच्याच वहीची पानं उलटत होती, आपली चूक शोधत. नसलेली चूक.

मी तिला हाताला धरून सरांच्या खोलीत नेलं. "चूक माझी आहे. मी क्रीम लावून आले. हिचा काही दोष नाही. निम्मा नमुना माझ्याकडे शिल्लक आहे, मला आजचा दिवस द्या."

सर चमकलेच. "तुम्ही? क्रीम?"

"आईचं होतं," मी म्हणाले. सरांनी होकाराची मान डोलावली.

मग धुणं सुरू झालं. बाटली नवी, नळ्या नव्या, सुई उकळून घेतली, हात कोपरापर्यंत घासले, ग्लोव्हज घाईबाईकडून घालून घेतले. आणि ब्लँकवर ब्लँक. दर वीस मिनिटांनी एक. पहिल्यात कुंपण निम्म्यावर आलं. दुसऱ्यात आणखी खाली.

"उतरतंय ताई, उतरतंय!" घाईबाई टाळ्या वाजवायला लागली. मला तिच्यासारखं आनंदाने ओरडता येईना. दर वेळी ती शिखरं बुटकी व्हायची आणि मी उरलेली मोजत बसायचे. सातव्या ब्लँकला चार-पाच बारीक टोकं उरली होती. मला वाटलं, राहू दे, एवढी चालतील. पण चालत नाहीत हे मलाच ठाऊक होतं. मी आठवा लावला, नववा लावला. बाराव्याला पडदा कोरा.

"एकदम साफ! काही म्हणता काही उरलं नाही!" ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले. "आण नळी."

तासाभराने तिचं प्रोटीन आलं. सहा तुकडे, सहाही वजनं बिनचूक. घाईबाईने मला अशी मिठी मारली की माझा चष्मा वाकडा झाला, आणि लगेच सरांना सांगायला धावली. मला कोणी जवळ घेतलं त्याला अकरा आठवडे झाले होते, म्हणून घाईबाई गेल्यावरही मी थोडा वेळ तशीच उभी राहिले.

मग खोलीत मी आणि मशीन. मी सकाळची ती फाइल पुन्हा उघडली. खराब फाइल लगेच पुसून टाकायची हाही माझाच नियम. कुंपण तसंच होतं, उंच, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी फाइलचं नाव बदलून 'आई' केलं आणि ठेवून दिली.

बावीस वर्षं ती म्हणत होती, मिरचे, मला एकदा ने. शेवटी ती आपली आपण आली, आणि मी अख्खी दुपार तिला धुवून काढण्यात घालवली.