बंद नाकाची गाडी

गाडी कारखान्यात जन्माला येते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा बंड्याच्या स्टुडिओत डोकावावं. तिथे ती आधी मातीची होते. अगदी खऱ्या गाडीएवढी! माती तरी कसली, मेणासारखी तपकिरी. भट्टीत गरम करायची, फोमच्या सांगाड्यावर थापायची आणि पात्याने तासत बसायचं, महिनोन्‌महिने. बंड्या म्हणजे मुलगी बरं का. नाव बाबांनी पाडलेलं, आणि हे कामही त्यांनीच शिकवलेलं.

बाबांनी त्याच स्टुडिओत बावीस वर्षं गाड्या घडवल्या. शेवटची होती विजेवर चालणारी पिकअप. तिचं नाक, म्हणजे पुढचं तोंड, त्यांनी एकट्याने केलं. सलग, गुळगुळीत, ना जाळी ना फट. "इंजिनच नाही, तर हवा हवीय कुणाला?" असं म्हणून स्वतःवरच खूश व्हायचे. नाक पुरं झालं आणि त्यांची नजर गेली. आधी एक डोळा, मग दुसरा.

"रस्त्यावर आली की हात लावून बघेन," एवढंच धरून ते घरी बसले होते.

आणि सोमवारी साहेबांनी सगळ्यांना उभ्याउभ्याच सांगून टाकलं. नुसत्या बॅटरीची पिकअप आता नको. मागे ट्रॉली जोडली की बॅटरी अर्ध्या वाटेत मान टाकते, मोठी घालावी तर किंमत कुणालाच झेपत नाही. बाकीच्या कंपन्याही मागे सरकल्यात. चाकं विजेवरच फिरतील, पण बॅटरी भरायला आत एक छोटं इंजिन बसेल. इंजिन आलं म्हणजे हवा आली, आणि हवा आली म्हणजे नाकाला भोक आलं.

"तुझ्याइतका स्थिर हात कुणाचाच नाही," साहेब बंड्याला म्हणाले.

तिने कापलं. दोन दिवस लागले.

घरी सांगायला मात्र तिची जीभ रेटेना. बुधवारी बाबाच म्हणाले, "मला एकदा गाडीकडे ने ना गं. रस्त्यावर येईपर्यंत धीर निघत नाही." नाही कसं म्हणणार? तिने मनाशी ठरवलं, मागच्या चाकापाशी उभं करायचं, तिथेच हात फिरवू द्यायचा आणि परत आणायचं. पुढे म्हणून जाऊ द्यायचं नाही.

स्टुडिओत मापं घेणारे काका होते. त्यांना सगळे कंपास म्हणत.

"या मालक!"

"काय रे कंपास, अजून मापं चुकतोस?"

"तुम्ही गेल्यापासून चुका काढायलाच कुणी नाही. सगळं बरोबर येतंय!"

बाबा खदखदून हसले. मागच्या चाकावरच्या फुगवट्यावर तळवा टेकवला, आणि तो तिथेच अडला. "बंड्या, इथे दबलंय." केसाएवढा खळगा! तिला दिसलाही नव्हता. चिमूटभर गरम माती घेऊन त्यांनी तो अंगठ्याने भरला, नखाने तासला. जीभ दातांत धरून, पूर्वीसारखी.

"चल, आता पुढे."

"पुढे नको बाबा. मातीवर रंगाची पातळ फिल्म चिकटवलीय, ओली आहे."

"आम्हालाच शिकव! फिल्म सुकायला किती वेळ लागतो गं?" आणि हात निघालाच. दरवाजावरून, पुढच्या चाकावरून. तिने कोपर धरलं. त्यांना वाटलं, आपण अडखळू नये म्हणून पोरगी सांभाळतेय.

बोटं कोपऱ्यावरून नाकाकडे वळली आणि हात मनगटापर्यंत आत गेला.

बाबांनी हात काढला नाही. एका बोटाने कडेकडेने सबंध फेरी मारली, सावकाश.

"इंजिन आलं?"

"छोटंसंच. बॅटरी भरायला."

"ओझं ओढायला पुरत नसेल."

"नाही पुरत."

"मग बरोबरच आहे त्यांचं. कापलं कुणी?"

कंपासकाका स्वतःच्या छातीवर बोट ठेवून खुणावत होते, माझं नाव सांग, माझं. बंड्याने नकारार्थी मान हलवली.

"मी."

"कड स्वच्छ आलीय," बाबा म्हणाले. शिकवताना म्हणायचे तसंच म्हणायला गेले, पण शेवटचा शब्द ओठांतच मोडला. तिला वाटलं, ओरडावं त्यांनी, एक थप्पड तरी मारावी. ते नुसतेच म्हणाले, "घरी चल."

निघताना बेसिनपाशी तिने नळ सोडला आणि त्यांची बोटं धुवायला घेतली. नखांत तपकिरी माती बसली होती. बाबांनी मुठी मिटून घेतल्या.

"ही राहू दे," ते म्हणाले.

तिने नळ बंद केला.